आठ कोंडलेली माणसं आणि रिसबूड साहेब

अरविंद रिसबूड माणूस भेटला की आधी त्याच्यात काय बिघडलंय ते पाहायचे. तो त्यांचा धंदाच होता. देवासच्या एका कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला माल त्यांच्या टेबलावर यायचा, ते मापं घ्यायचे आणि केसभर खोट निघाली तरी त्यावर लाल रंगाचा ठिपका ठेवून बाजूला टाकायचे. माझे यजमान त्याच कारखान्यात. ते सांगायचे, रिसबुडांच्या हाताखालून गेलेला माल कधी परत आला नाही. हे मी खरं मानते. पण संध्याकाळी घरी येताना हा माणूस तो लाल रंग टेबलावर ठेवून यायला विसरायचा, आणि त्याचा ताप आमच्या अख्ख्या कॉलनीला होता.

मी धारची. लग्न होऊन देवासला आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. धारची आमची घरं संस्थानाच्या काळात आलेली. देवघरात आणि नात्यागोत्यात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की माळवी आणि हिंदी. कॉलनीतली माणसं मात्र नोकरीसाठी पुण्या-सांगलीकडून थेट उतरलेली. पहिल्याच महिन्यात कुणाकडे तरी सत्यनारायण होता. मी आपली सहज म्हणाले, "काल मला विमलवहिनी बाजारात मिळाल्या."

वहिनींचे यजमान रिसबूड प्रसादाचा द्रोण हातात घेऊन वळले. "मिळाल्या? काय भावानं?"

सगळी खोली हसली. माझी सासूदेखील. त्या दिवसापासून मी 'धारकरबाई' झाले, ती रिसबूड कॉलनीत होते तोवर. माझं आडनाव काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

दिसायला माणूस देखणा. उंच, ताठ, पांढरा बुशशर्ट, खिशात नेहमी एक छोटी स्टीलची पट्टी. जेवताना पोळी हातात धरून उजेडाकडे करायचे. "ही इकडे जाड आहे," म्हणायचे आणि मग ती खायचे. कुणाचं नवं घर पाहायला गेले तर भिंतीला डोळा लावून उभे. कुणाची नवी सून पाहिली तर, "छान आहे, पण उभी राहते तिरकी." आणि हे सगळं त्यांच्या मते मोठ्या मनाचं लक्षण. "मी तोंडावर बोलतो," ते म्हणायचे, "पाठीमागे बोलायला मी काय भेकड आहे?" दुसरं त्यांचं वाक्य: "मी माणूस बघत नाही, माल बघतो."

ह्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला इंगळ्यांच्या निरोपसमारंभात कळला. इंगळे लेथवरचे जुने कामगार, मूळचे बदनावरकडचे. त्यांचे पूर्वजही आमच्यासारखेच शे-दोनशे वर्षांपूर्वी आलेले. मराठी निम्मी हिंदी होऊन गेलेली, पण माणूस सोन्यासारखा. कारखान्याच्या हॉलमध्ये हार, नारळ, शाल सगळं झालं. बायकांना बोलावलं होतं म्हणून मी होते. रिसबूड उठले. आम्हाला वाटलं, दोन शब्द बोलतील. त्यांनी खिशातून एक लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर लाल ठिपका.

"इंगळे, हा तुमचा आज सकाळचा पीस. शेवटचा. रिजेक्ट झालाय. म्हटलं, आठवण म्हणून तुम्हालाच द्यावा."

मागच्या रांगेतून हसू फुटलं. साहेबलोक हसले म्हणून कामगारही हसले. इंगळ्यांच्या बायकोला काय झालं ते कळलंच नाही, ती बिचारी सगळ्यांबरोबर हसली. इंगळे पुढे आले. तुकडा उचलून त्यांनी हातात फिरवून पाहिला.

"सही आहे साहब," ते म्हणाले. "सकाळी हात कापून राहिला होता माझा. मीच पाहायला पाहिजे होतं."

हात का थरथरत होता, हे रिसबुडांनी विचारलं नाही. तीस-पस्तीस वर्षं एका जागी उभं राहिल्यावर शेवटच्या सकाळी हात का थरथरतो, हे विचारावं लागत नाही. त्याच आठवड्यात विमलवहिनी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन एकट्याच इंगळ्यांच्या घरी जाऊन आल्या. नवऱ्यानं जिथं जिथं ठिपके ठेवले तिथं तिथं वहिनी डबे पोचवत असत. निम्म्या देवासला त्यांच्या पुरणपोळीची चव अशीच माहीत झाली.

ह्या विमलवहिनी म्हणजे रिसबुडांची बायको. बुटक्या, सावळ्या, सदा घाईत. मूलबाळ नव्हतं. त्यावरही रिसबूड चारचौघांत बोलायचे, आणि वहिनी चहाचा ट्रे घेऊन समोर उभ्या असताना बोलायचे: "आमच्याकडे प्रॉडक्शनच नाही, त्यामुळे रिजेक्शन शून्य." ऐकणारे हसत. वहिनी ट्रे पुढं करत म्हणायच्या, "साखर बघा हं, कमी असेल तर सांगा." मला त्यांचा राग यायचा. रिसबुडांपेक्षाही जास्त यायचा. एकदा तरी तो ट्रे नवऱ्याच्या अंगावर टाक की बाई, असं वाटायचं.

तरी आम्ही सगळे त्यांच्याकडे जायचो, हेही खरं. आज आपली पाळी नसेल तर त्यांच्याइतकी करमणूक देवासात दुसरी नव्हती. शिवाय माणूस नुसता वाईट असता तर प्रश्नच मिटला असता. त्या वर्षांत देवासचं पाणी म्हणजे काय होतं, हे देवासात राहिलेल्यालाच ठाऊक. नळाला चार-चार, पाच-पाच दिवस थेंब नाही. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी राहायच्या. रिसबुडांनी ते काम स्वतःकडे घेतलं. पाइप हातात धरून उभे राहायचे. प्रत्येक घराला सारख्या घागरी, टँकरवाल्यानं पाणी चोरलं तर त्याची कॉलर धरायची, म्हाताऱ्यांच्या घागरी स्वतः उचलून पोचवायच्या. आणि स्वतःच्या घराचा नंबर सगळ्यांत शेवटी. पुष्कळदा तोवर टँकर रिकामा व्हायचा. "आमचं चालेल," ते म्हणायचे. सगळी गल्ली त्यांना त्या दिवशी देवमाणूस म्हणायची. ते चालवायचं कसं, हे वहिनी बघायच्या. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, त्याच पाण्यात भांडी, आणि ते पाणी तुळशीला. त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी अर्धा पेलाच मिळायचं, लागलं तर पुन्हा देत. कॉलनीत पाण्याचं मोल त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांचा नवरा होता.

आता त्या मालिकेकडे येते. दोन हजारच्या थोडं पुढं-मागं असेल. तेव्हा मध्यप्रदेशात विजेचे असे हाल होते की संध्याकाळ झाली की कंदील पुसून ठेवायचे. केबलवाल्यानं जनरेटर घेतला होता, पण आमच्या घरात टीव्हीच बंद असेल तर त्याचा काय उपयोग? कॉलनीत इन्व्हर्टर फक्त रिसबुडांकडे. तेव्हा मंगळवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जणं त्यांच्या बैठकीत सतरंजीवर. कामगारांपैकी कुणाला बोलावणं नसे, ते वेगळं सांगायला नको.

मालिका हिंदी, रहस्याची. आज ती कुणाला आठवत नाही. तिसरा महिना लागायच्या आत ती बंद पडली. आठ माणसं एका पडक्या डोंगरी हॉटेलात जागी होतात. कुणी कुणाला ओळखत नाही. दारं-खिडक्यांना बाहेरून पोलादी पट्ट्या. भिंतीतल्या कर्ण्यातून एक आवाज येतो, तो रोज एकेकाला त्याचं पाप विचारतो. दुसऱ्याच भागात कळलं की ज्यानं कोंडलंय तो बाहेर नाही, ह्या आठांतलाच एक आहे. झालं, कॉलनीला उद्योग मिळाला. भाजीवाल्याकडे, देवळात, कारखान्याच्या बसमध्ये एकच चर्चा: कोण?

रिसबुडांनी त्याच आठवड्यात निकाल दिला. "कर्नल. रिटायर्ड माणूस, शिस्तीचा, सगळ्यांना हुकूम सोडतो. हे कॉन्ट्रॅक्टर, वकील वगैरे भरतीचा माल आहे." आम्हालाही ते पटलं. तेवढ्यावर थांबतील तर रिसबूड कसले. त्यांनी सतरंजीवरच्या प्रत्येकाला मालिकेतलं एकेक माणूस वाटून दिलं, आणि त्या माणसाचं पाप बाहेर आलं की आमच्यातल्या त्या माणसाकडे वळून म्हणायचे, "बघा, सुधारा." वकिलानं लाच खाल्ली, तेव्हा आमचे हे चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

त्या आठांत एक नर्स होती. गोड चेहरा, सगळ्यांची सेवा करणारी. आजारी म्हाताऱ्याला स्वतःच्या वाटचं जेवण देणारी. ती सगळ्यांची लाडकी. रोज झरोक्यातून पाण्याची एक घागर आत यायची, आणि आठजणांनी ती पुरवायची.

चौथा की पाचवा भाग असेल. विमलवहिनी नेहमीप्रमाणे दारात, निम्म्या स्वयंपाकघरात, निम्म्या बैठकीत. एकदम खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "कुंदा, ती पाणी फेकतेय."

"काय कुजबुज चाललीय?" रिसबूड.

"काही नाही हो."

"नाही, बोल ना. सगळ्यांना कळू दे."

वहिनी पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती नर्स आहे ना, तिनंच कोंडलंय सगळ्यांना."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"ती पेला विसळते. थोडं पाणी घेते, विसळते, कोपऱ्यात फेकते आणि मग प्यायचं घेते. मागच्या मंगळवारीही फेकलं. बाकीचे सातजण बघा, कुणी थेंब सांडत नाही. ज्याला कोंडलंय त्याला उद्या पाणी येईल की नाही, माहीत नसतं. तो पेला विसळेल का? हिला माहितीय. उद्या घागर येणार, हे हिला ठाऊक आहे."

मला अजून आठवतं, माझ्या अंगावर काटा आला. देवासात राहणाऱ्या कुणाही बाईला हे दिसायला हवं होतं, आणि आम्ही पाच बायका तिथं बसलो होतो. वहिनींच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं.

मग रिसबूड हसायला लागले. "अगं, ती नटी आहे नटी! मुंबईत नळ मोकळा सोडून दात घासत असेल. घरच्या सवयीनं विसळते, आणि दिग्दर्शक झोपलाय. ही चूक आहे विमल, पुरावा नव्हे. चूक मला कळते. जन्मभर तेच बघतोय."

आणि सगळी सतरंजी हसली. त्यांचं म्हणणं तसं बिनतोड होतं. पण वहिनी त्या दिवशी आत गेल्या नाहीत. असं मी प्रथमच पाहिलं.

"पैज लावा," त्या म्हणाल्या.

"कसली? तुझ्याकडे आहे काय लावायला?"

"मला काही नको. मी बरोबर निघाले तर तुम्ही ह्या सगळ्यांसमोर म्हणायचं, 'विमलचं बरोबर होतं.' बस्स. एवढंच."

"मंजूर. आणि चुकलीस तर?"

"तर काय? ते तर रोजचंच आहे."

हे त्या हसतच म्हणाल्या, पण त्यानंतर त्यांच्यासाठी ती नुसती मालिका राहिली नव्हती. चार वाजल्यापासून स्वयंपाक उरकून दारात नाही, चक्क सतरंजीवर येऊन बसायच्या. नर्सचा हात पेल्याकडे गेला की माझा दंड घट्ट धरायच्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती त्यांच्या, आणि त्या एका वाक्यासाठी ही बाई एका मंगळवारपासून दुसऱ्या मंगळवारपर्यंत श्वास धरून बसलेली मी पाहिली आहे.

आणि एका मंगळवारी त्या वेळेला मालिकाच नाही. तिच्या जागी कसला तरी गाण्याचा कार्यक्रम. पुढच्या मंगळवारीही तेच. पेपरात दोन ओळी आल्या, प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून बंद केली. आठही माणसं त्या हॉटेलात कोंडलेलीच राहिली.

वहिनी महिनाभर जिला-तिला विचारत होत्या, "कुणाला कळलं का गं, शेवट काय होता?" रिसबुडांचा एक भाचा, मंदार, मुंबईत अशाच मालिकांच्या एडिटिंगमध्ये होता. वहिनींच्या आग्रहावरून रिसबुडांनी त्याला विचारायचं कबूल केलं. गणपतीच्या थोडं आधी त्याचा फोन आला. रिसबूड बाहेर येऊन ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंदारनं चौकशी केली. कर्नलच!"

मंदारनं जे सांगितलं होतं ते वेगळंच होतं. मला ते पाच-सहा वर्षांनी कळलं, पण इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्याही अंगाची आग होईल. मंदारनं सांगितलं होतं, ती नर्सच. पेल्याचं दृश्य लेखकानं मुद्दाम घातलेलं होतं, शेवटच्या भागात त्याच पेल्यावरून ती पकडली जाणार होती. आणि तो म्हणाला होता, "मामा, हे तिथं युनिटमध्येही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मामीला साष्टांग नमस्कार सांगा."

नमस्कार पोचला नाही. त्याऐवजी जे पोचलं ते असं.

आमच्या गणपतीत शेवटच्या दिवशी फिशपाँड असत. कुणी कुणावरही चिमटा काढणारी चिठ्ठी लिहून नावाशिवाय डब्यात टाकायची आणि सगळ्या सभेसमोर त्या वाचायच्या. वाचायचा मान रिसबुडांचा, आणि निम्म्या चिठ्ठ्या त्यांच्याच असतात हे पोरांनाही माहीत. त्या वर्षी सगळ्या संपल्यावर त्यांनी एक शेवटची काढली. चष्मा पुसला. "ही सौभाग्यवती विमल रिसबूड यांच्यासाठी आहे," म्हणाले आणि खड्या आवाजात वाचली:

"पेला विसळला, चोर मिळाला;
घरचा भात हो कुणी जाळला?"

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. मुलं ते लगेच ओरडत पळायला लागली. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून, सगळ्यांना दिसेल असं. मंडप रिकामा झाला तरी त्या हसतच होत्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. वहिनी चुकल्या हे खोटं आहे, हे फक्त व्यासपीठावरच्या एका माणसाला माहीत होतं, आणि तो टाळ्या घेत होता.

पुढं कितीतरी दिवस कॉलनीतली पोरं वहिनी दिसल्या की "पेला विसळला" म्हणायची. नवरात्रात मी त्यांना बळंच धारला माहेरी घेऊन गेले. इंदूरला गाडी बदलेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या घरी माझी थोरली आत्या होती, जुन्या वळणाची, जरबेची. दुपारी सगळ्या बायका फराळाची साबुदाण्याची खिचडी घेऊन बसल्या आणि आत्यानं विचारलं, "काय गो, ती तुमची मालिका काय होती म्हणे?" वहिनींनी सुरुवात केली ती अशी की दोन तास कुणी उठलं नाही. सगळे भाग सांगितले, कर्नलसारखा आवाज काढला, नर्ससारखं चालून दाखवलं. ह्या बाईत एवढं होतं, हे मला कधी कळलं नव्हतं. पेल्याशी आल्या तशी आत्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "हीच ती रांड! कोंडलेला जीव पाणी फेकील होय? विमल, तुझेच बरोबर हो. तो मालिका करणारा गाढव, त्यासच कळले नाही."

सगळ्या बायका हो हो म्हणाल्या. वहिनींनी खिचडीची रिकामी बशी उचलली. मग म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांना पटतंय हो. पण हे म्हणाले नाहीत ना."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आत्याकडे.

वर्षं गेली. वीज आली, पाणी आलं, कॉलनीत सगळ्यांकडे सगळं आलं. रिसबूड निवृत्त झाले. मग वहिनींच्या पोटाचं दुखणं निघालं. इंदूरला नेलं, पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवलं. डॉक्टरांनी रिसबुडांना बाहेर बोलावून काय ते सांगितलं. वहिनींना सांगायचं नाही, असं ठरलं. आपल्याकडे ते असंच ठरतं, कुणाला ठरवावं लागत नाही. "अल्सर आहे. टाके सुकले की घरी." भेटायला जाणारा प्रत्येकजण हेच पाठ करून जायचा.

एका रविवारी रिसबूड आमच्या दारात उभे. दाढी वाढलेली. "धारकरबाई, तुम्ही दोघं माझ्याबरोबर इंदूरला चला. मला तिला एक सांगायचंय, आणि ते चार माणसांसमोर सांगायचंय."

गाडीत त्यांनी मंदारच्या फोनचं सगळं सांगितलं. मागच्या सीटवर बसून, खिडकीबाहेर बघत. माझं डोकं भडकलं. "का पण?" मी विचारलं. "का केलंत असं?"

"सगळ्यांसमोर कर्नल म्हणून बसलो होतो," ते म्हणाले. "नंतर वाटलं, एवढंसं तर आहे. आणि मग विसरलो."

ह्यांनी गाडी चालवत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, नाहीतर मी त्यांना क्षिप्रेच्या पुलावर उतरवून दिलं असतं.

वॉर्डात इंगळे आधीच आलेले होते. बदनावरहून वहिनींना भेटायला, पिशवीत सीताफळं घेऊन. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, पार वाळलेल्या, पण केस नीट विंचरलेले. रिसबूड पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तसे.

"विमल, ही सगळी मंडळी आहेत म्हणून सांगतो. ती मालिका होती ना, त्यात ती नर्सच होती. मंदारनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी खोटं बोललो. पेल्याचं तू म्हणालीस ते अगदी तसंच होतं." मग आमच्या सगळ्यांकडे वळून म्हणाले, "विमलचं बरोबर होतं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हसल्या, खूप मायेनं हसल्या. "बघितलंस कुंदा? ह्यांना काही खोटं बोलता येत नाही."

"खोटं नाही विमल! मंदारला फोन लावून देतो, विचार त्याला."

"त्याला पढवलं असेल. राहू द्या हो. इतक्या वर्षांनी कशाला?"

"अगं देवाशपथ!" ज्यांनी कधी देवाला हात जोडले नाहीत ते रिसबूड म्हणाले.

ते ऐकलं आणि वहिनींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या नवऱ्याकडे नीट बघायला लागल्या. त्या दाढीकडे, त्या हातांकडे. मग आम्हा प्रत्येकाकडे, एकेक करून.

"म्हणजे अल्सर नाही हा," त्या म्हणाल्या.

इंगळे पिशवीतली सीताफळं काढून कपाटावर ठेवू लागले.

"तुम्ही माझ्याशी असं बोलताय. शपथा घेताय. डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय तुम्हाला." आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "किती दिवस म्हणाले?"

रिसबुडांचे ओठ हलले.

"बोला की. तोंडावर बोलता ना तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. जन्मभर ज्याला प्रत्येकासाठी काहीतरी सुचलं त्याला काही सुचेना. मग त्या हळूच कुशीवर वळल्या, भिंतीकडे तोंड करून, आणि म्हणाल्या, "जा तुम्ही सगळे. मला जरा पडू द्या." मी त्यांच्या पायांवर चादर ओढली. मला रडू आवरत नव्हतं आणि त्यांना ते ऐकू जात होतं.

पंधरवड्याच्या आत वहिनी गेल्या. आम्ही त्या वेळी माझ्या आत्याच्या दिवसांसाठी धारला होतो. परत आलो तर रिसबूड घर बंद करून पुण्याला बहिणीकडे निघून गेले होते. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच, इस्पितळाच्या फाटकाशी. ते आम्हाला सोडायला खाली आले होते. ह्यांचा दंड धरून त्यांनी विचारलं, "तुम्हाला तरी पटलं ना?" ह्यांनी मान हलवली. मीही हलवली. त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यांनाही दिसत होतं. मग ते इंगळ्यांकडे वळले.

"इंगळे, तुम्हाला पटलं?"

इंगळे गोंधळले. "साहब, मला काय माहीत? कोणती सीरियल? मी पाहिली नाही ती."

"नाही पाहिलीत?"

"नाही भिया. आमच्याकडे कुठून?" साहेबांना ते चुकून भिया, म्हणजे भाऊ, म्हणून गेले, आणि साहेबांनी त्यांना टोकलं नाही.

"थांबा, सांगतो," रिसबूड म्हणाले. त्यांनी इंगळ्यांच्या हातातली रिकामी पिशवी धरून ठेवली, माणूस निघून जाईल म्हणून. "आठ माणसं असतात, इंगळे. कुणी कुणाला ओळखत नाही. एका हॉटेलात जागी होतात..." समोरून धार-बदनावरची बस हॉर्न देत निघाली होती. इंगळ्यांनी एकदा तिकडे पाहिलं, आणि मग ते तिथंच उभे राहून "हां साहब, हां साहब" म्हणत ऐकू लागले. आमची गाडी वळली तेव्हा रिसबूड हातानं हॉटेलच्या खिडक्या दाखवत होते, आणि अजून पहिल्याच भागात होते.